पान, टॉर्च की डीएनए? सेजब्रशच्या उपजाती ओळखायच्या कशा

आधी नावाचा घोळ मिटवू. स्वयंपाकातला सेज तुळशीच्या कुळातला. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या माळावरचा सेजब्रश, म्हणजे आर्टेमिसिया ट्रायडेंटाटा, हा जोतिबाला वाहतात त्या दवण्याचा भाऊबंद. वास मात्र दवण्यासारखा गोड नाही, कापरासारखा उग्र.

वणव्यात जळालेला सेजब्रश बुडातून पुन्हा फुटत नाही. बीच पेरावं लागतं, आणि उपजात चुकली तर मेहनत वाया. मुख्य उपजाती तीन: खोल मातीतली उंच ‘बेसिन’, उथळ कोरड्या जमिनीतली खुजी ‘वायोमिंग’ (हिला वेगळं नाव १९६५ मध्ये मिळालं) आणि डोंगरातली ‘माउंटन’.

पानांवरून ओळखणं फुकटात होतं, पण फसवं. वसंतात येणारी मोठी, वेडीवाकडी पानं पुढे गळून जातात. मोजमाप घ्यायचं ते हिवाळाभर टिकणाऱ्या, टोकाला तीन दाते असलेल्या पानांचं. नवखा हमखास पहिलीच उचलतो. मीही उचलली होती.

म्हणून माझा पहिला कौल टॉर्चला. दोन-चार पानं चुरडून काचेच्या बाटलीत पाण्यात टाका, हलवा, अंधारात अतिनील टॉर्च धरा. ‘माउंटन’ असेल तर पाणी निळंशार चमकतं. ही करामत पानातल्या कुमारिन वर्गातल्या संयुगांची. वाळलेलं पानही चालतं, त्यामुळे हर्बेरियममधला, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहातला, जुना नमुनासुद्धा तपासता येतो. उणीव एकच, पण मोठी: ‘बेसिन’ आणि ‘वायोमिंग’ दोन्ही जवळपास विझलेलीच दिसतात.

ती जोडी फोडायला गुणसूत्रं मोजा. ‘वायोमिंग’मध्ये ती ३६ असतात, ‘बेसिन’मध्ये बहुधा १८. ‘बहुधा’ म्हणतोय, कारण ३६ वाली ‘बेसिन’ही सापडते, तेव्हा झुडपाची उंची आणि मातीची खोली टिपून ठेवलेली असली तरच निभाव लागतो.

वासाची द्रव्यं, म्हणजे टर्पीन, यंत्रावर मोजणं खर्चिक. शिवाय ती ऋतूगणिक आणि झुडपागणिक बदलतात. कोणतं जनावर कोणतं झुडूप खातं, हा प्रश्न असेल तरच त्या वाटेला जा.

डीएनए संकराच्या पट्ट्यात कामाला येतो. युटामधल्या सॉल्ट क्रीक कॅन्यनमध्ये खाली ‘बेसिन’, वर ‘माउंटन’ आणि मधल्या उतारावर दोघांची मिसळ आहे. बियाण्यासाठी त्या मधल्या झुडपांना मी हात लावणार नाही.