लाईट नसताना चालणारं घरचं वाचनालय, नऊ महिने वापरून झाल्यावर

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवतोय ना, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची लाईट एकदम गेली आणि लोकल होत्या तिथेच उभ्या राहिल्या. मी मानपाड्याला घरूनच काम करत होते, तासाभरात मोबाईलची रेंजपण गेली, आणि टॉवरलापण लाईट लागते ही गोष्ट मला त्या दिवशी कळली (हसू नका). तेव्हाच ठरवलं होतं की कामाची पुस्तकं, माहिती घरात उतरवून ठेवायची. प्रत्यक्षात केलं गेल्या वर्षी गणपती झाल्यावर.

सामान काही फार नाही. नवऱ्याचा जुना अँड्रॉइड फोन, मेमरी कार्ड, सहा इंची ई-रीडर (फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र) आणि एक पॉवर बँक. फोनवर किविक्स नावाचं फुकट ॲप टाकलं, त्यात अख्खा विकिपीडिया झिम नावाच्या एका फाईलमध्ये येतो आणि नेटशिवाय सर्चपण होतो. इंग्रजीवाला फोटोंसकट १०० जीबीच्या वर आहे, मराठी त्या मानाने चिमुकला, चहा होईपर्यंत उतरला. एक सांगते, प्ले स्टोअरवरच्या किविक्सला कार्डावर आपण कॉपी केलेली फाईल उघडता येत नाही, गूगलच्या परवानग्यांचे नियम आडवे येतात, किविक्सच्या साईटवरून एपीके, म्हणजे ॲपची फाईल, घ्यावी लागते. यात माझा एक अख्खा रविवार गेला. आणि कार्ड एफएटी३२ मध्ये फॉरमॅट असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसतच नाही, एक्सफॅट करून घ्या.

कार्डाची तर वेगळीच कथा. पहिलं कार्ड ऑनलाईन स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं, ५१२ जीबी लिहिलेलं, कॉपी सगळं व्यवस्थित झालं, फाईलींची नावंपण दिसत होती, आणि दिवाळीत सहज उघडायला गेले तर दहातल्या आठ उघडेनात. ते कार्ड मुळात ३२ चं निघालं! अशी बनावट कार्डं खोटा आकडा दाखवतात आणि जागा संपली की जुन्याच्याच डोक्यावर नवीन लिहीत बसतात, तुम्हाला पत्ता लागत नाही. आता नवीन कार्ड आलं की आधी कॉम्प्युटरवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचा प्रोग्राम चालवते, तो कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघतो. रात्रभर लागते पण लागू दे. आत्ताचं २५६ चं दुकानात जाऊन घेतलंय.

मराठी पुस्तकांचं मात्र दुखणं आहे. बहुतेक सगळं पीडीएफ, त्यातही अर्धं स्कॅन केलेलं, म्हणजे नुसते फोटो, शब्द शोधायला गेलं की शून्य. जी टाईप केलेली आहेत ती बरीचशी श्री-लिपीसारख्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली, डोळ्यांना मराठी दिसतं पण कॉपी केलं की नुसता कचरा, त्यामुळे सर्च तिथेही बंद. ए-फोर साईजचं पान सहा इंचावर तर मुंगीएवढं दिसतं. ई-रीडरवर केओरीडर नावाचं वाचायचं ॲप टाकून समास कापले तर जरा वाचण्यासारखं होतं, तरी ईपबची (स्क्रीनप्रमाणे अक्षर लहानमोठं होणारी पुस्तकाची फाईल) सर नाही. मी शेवटी १४० पीडीएफपैकी ५०च ठेवल्या आणि फाईलींची नावं स्वतः बसून मराठीत लिहिली, कारण 'स्कॅन_००३_फायनल' मध्ये काय आहे ते अंधारात कोण उघडून बघणार. बालभारतीची पुस्तकं मात्र त्यांच्याच साईटवर फुकट मिळतात, लेकीची सातवीची सगळी घेतली.

विकत घेतलेल्या ई-बुकांवर मी या कामासाठी विसंबत नाही. ती त्या कंपनीच्या अकाऊंटला बांधलेली असतात, लॉगिन उडालं की गेलीच. २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडलवरून (ॲमेझॉनचाच ई-रीडर) विकलेली पुस्तकं परस्पर काढून घेतली होती, आणि फेब्रुवारी २०२५ पासून कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने टाकायची सोयपण बंद केली.

खरी परीक्षा झाली जूनमध्ये. पहिल्याच जोरदार पावसात कॉम्प्लेक्सची केबल जळली, रात्री नऊला गेलेली लाईट दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला आली. मी नेमकी पुण्याला माहेरी. घरात सासूबाई आणि लेक, नवरा ऑफिसात अडकलेला. सासूबाईंचं इन्सुलिन फ्रीजमध्ये, डॉक्टरांना फोन लागेना. माझा तो १०० जीबीचा विकिपीडिया कोणी उघडलासुद्धा नाही! उघडलं काय, तर मी आळसात काढून ठेवलेला इन्सुलिनच्या खोक्यातल्या पत्रकाचा फोटो, बाहेर काढलेलं पेन ३० डिग्रीच्या आत चार आठवडे चालतं असं त्यावर लिहिलेलं (हे आमच्या पेनपुरतं हं, प्रत्येकाचं वेगळं असतं). तोही लेकीने शोधला. सासूबाई नंतर मला म्हणाल्या, "अगं, तुझं ते वाचनालय चांगलं आहे गं, पण दार कुठून उघडायचं तेच कळत नाही."

खरंच होतं. ॲप इंग्रजीत, फोनला पिन, आणि पिन फक्त मला आणि लेकीला माहीत. आता पिन काढून टाकलाय, पहिल्या स्क्रीनवर चारच गोष्टी आहेत: औषधं, पोथ्या, शाळा, विकिपीडिया. अक्षर मोठं केलंय. किविक्समधून हॉटस्पॉट चालू केला की नेट नसतानाही बाकीचे आपापल्या फोनच्या ब्राऊझरमध्ये तेच वाचू शकतात, हे लेक सफाईने करते, सासूबाईंना अजून जमत नाही, जमेल.

ई-रीडरबद्दल तक्रार नाही. जास्त करून पान उलटतानाच बॅटरी खातो, आठवडे जातात. जुन्या फोनची बॅटरी मात्र १०० टक्के भरून कपाटात ठेवल्यामुळे मार्चमध्ये फुगली, बदलायला ९०० रुपये गेले. आता अर्धीच भरून ठेवते आणि दर संकष्टीला काढून बघते, कारण तारीख मी विसरले तरी सासूबाई संकष्टी विसरत नाहीत. गेल्या संकष्टीला उपास सोडायच्या आधी त्यांनी स्वतःच फोन चार्जिंगला लावला, फक्त बटण चालू करायचं राहिलं.