ग्लॉक 19 की सिग पी 365? रेंजवर दोन्ही चालवून ठरवताना

अमेरिकेत पहिलं पिस्तूल घ्यायला निघालेल्या माणसाला, त्यातून हात लहान असतील तर, 'लहान हाताला लहान पिस्तूल' हा सल्ला हमखास मिळतो. हा सल्ला उलटा आहे. लहान पिस्तूल कमरेला लावून दिवसभर वावरायला सोपं असतं, पण चालवायला अवघड असतं. ग्लॉक 19 आणि सिग सॉअर पी 365 ही दोन पिस्तुलं नेमबाजीच्या रेंजवर एकामागून एक चालवली की हा फरक पहिल्या वीस गोळ्यांत हाताला कळतो. दोन्ही 9 मिमी व्यासाच्या गोळीची, दोन्ही स्ट्रायकरवर (बाहेरच्या घोड्याऐवजी आत स्प्रिंगच्या जोरावर काडतुसावर आपटणाऱ्या पिनेवर) चालणारी, दोन्ही बऱ्याच रेंजवर भाड्याने मिळणारी. म्हणून तुलनेला हीच जोडी घेतली आहे.

त्याआधी व्हिसा तपासा. एच-1बी, एल-1, एफ-1 अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूल तासभर हातात धरणं हेही बाळगण्यातच मोडतं, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर कायद्यात सूट आहे. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. न्यू जर्सीसारख्या राज्यात प्रत्येक पिस्तुलाच्या खरेदीसाठी वेगळा परवाना काढावा लागतो. आणि पुढेमागे भारतात परतायचं असेल, तर तिथे 9 मिमी हा सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) आहे, हे आताच ध्यानात ठेवा.

मापं आणि त्यांचा परिणाम

ग्लॉक 19 ची लांबी 185 मिमी, नळी 102 मिमी, रिकाम्या मॅगझिनसह वजन सुमारे 670 ग्रॅम, मॅगझिनमध्ये 15 गोळ्या. पी 365 ची लांबी 147 मिमी, नळी 79 मिमी, वजन सुमारे 505 ग्रॅम, मॅगझिनमध्ये 10 गोळ्या. ग्लॉक 1988 पासूनचं, पी 365 हे 2018 चं. इतक्या बारीक मुठीत दोन ओळींत दहा गोळ्या बसवल्या, हेच पी 365 चं खरं कौतुक. जाडीला ते ग्लॉकपेक्षा स्पष्ट कमी आहे, आणि कपड्याखाली पिस्तूल दिसतं ते लांबीमुळे कमी, जाडी आणि मुठीच्या उंचीमुळे जास्त.

गोळी सुटताना हाताला बसणाऱ्या धक्क्याचं गणित सरळ आहे. काडतूस तेच, म्हणजे मागे येणारा संवेगही जवळपास तोच. पिस्तूल जितकं हलकं तितका त्याचा मागे येण्याचा वेग जास्त. भरलेलं ग्लॉक 850 ग्रॅमच्या आसपास जातं, भरलेलं पी 365 सव्वासहाशेच्या आसपास. म्हणजे लहान पिस्तुलात धक्क्याची ऊर्जा साधारण पाव ते एक तृतीयांश जास्त. शिवाय ती झेलायला मूठ कमी. सपाट तळाचं मॅगझिन लावलं की करंगळी खाली लोंबकळते. पी 365 सोबत बोट टेकवायला पुढे आलेल्या तळाचं दुसरं मॅगझिनही येतं. चाचणी दोन्ही लावून करा, कारण पिस्तूल तेच असूनही नेम बदलतो.

दुसरा परिणाम नेमाचा. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांतलं अंतर ग्लॉकवर सुमारे 153 मिमी, पी 365 वर सुमारे 130. माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर सात मीटरवर ग्लॉकची गोळी सुमारे 46 मिमी भरकटते, पी 365 ची सुमारे 54 मिमी. चूक तेवढीच, शिक्षा मोठी. मात्र मुळातल्या माशी-खाचेत सिग पुढे आहे: धातूची आणि अंधारात चमकणारी. ग्लॉकची मूळची प्लॅस्टिकची आहे आणि बरेच जण ती पहिल्या महिन्यातच बदलतात. तो खर्च हिशेबात धरा.

ट्रिगरबाबत एकाला चांगलं, दुसऱ्याला वाईट म्हणण्यात अर्थ नाही. ग्लॉकचा ट्रिगर आधी सैल येतो, मग ठळक अडतो, मग सुटतो. कुठे अडला ते बोटाला नेमकं समजतं. सिगचा अधिक सलग ओढला जातो. ग्लॉकच्या ट्रिगरमध्ये सुरक्षेची पाती आहे. शंभरेक गोळ्यांनंतर ती काहींच्या बोटाला टोचते. अंगठ्याने लावायचा सेफ्टीचा खटका हवाच असेल, तर पी 365 त्यासह मिळतं. साध्या ग्लॉक 19 ला तो नसतो.

शंभर गोळ्यांची चाचणी

एकाच खोक्यातली 115 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) साधी सराव काडतुसं घ्या, 50 आणि 50. भाड्याच्या पिस्तुलात बऱ्याच रेंज स्वतःकडचीच काडतुसं वापरायला लावतात, तेव्हा आधी विचारा. बंद रेंजवर कानात फोमची बोंडं आणि वर इअरमफ, दोन्ही लावा. पी 365 च्या आखूड नळीचा आवाज जास्त बोचतो आणि दचकण्याचं निम्मं कारण आवाज असतो. गळाबंद शर्ट घाला. तापलेलं रिकामं काडतूस कॉलरमध्ये गेलंच, तर वळू नका. बोट ट्रिगरबाहेर, नळी लक्ष्याकडे, पिस्तूल फळीवर खाली, मग कॉलर.

एक पिस्तूल संपवून दुसरं घेऊ नका. दुसऱ्याच्या वाट्याला थकलेला हात येतो आणि तुलना बिघडते. दहा-दहा गोळ्यांनी अदलाबदल करा. पहिल्या वीस पाच यार्डांवर, पुढच्या साठ सात यार्डांवर, शेवटच्या वीस पंधरा यार्डांवर. दर पाच गोळ्यांसाठी कागदावर वेगळं वर्तुळ काढा आणि त्यातल्या सर्वांत दूरच्या दोन भोकांतलं अंतर लिहून ठेवा. 'हातात छान वाटलं' ही भावना घरी जाईपर्यंत टिकते. कागद खोटं बोलत नाही.

उजव्या हाताच्या नेमबाजाची भोकं खाली-डावीकडे गोळा होत असतील, तर माशीला दोष देऊ नका. धक्का येणार म्हणून मनगट आधीच खाली दाबलं जातं आणि बोटासोबत अख्खी मूठ आवळली जाते. रेंजची परवानगी घेऊन सोबत्याला मॅगझिनमध्ये एक-दोन डमी, म्हणजे न उडणारी काडतुसं मिसळायला सांगा. डमीवर नुसतं 'टक' झालं आणि नळी झुकली, की कारण सापडलं. हे पी 365 वर जास्त दिसतं. त्यात ते पिस्तूल खराब नाही, धक्का जास्त आहे एवढंच.

अडकण्याचंही तसंच. रिकामं काडतूस धुराड्यासारखं उभं अडकलं, तर बहुतेक वेळा मनगट ढिलं असतं. पिस्तूल हातासकट मागे गेलं की स्लाइडला (गोळी सुटली की मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाला) पुरेसा मागचा प्रवास मिळत नाही. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबली नाही, तर अंगठा स्लाइड रोखणाऱ्या खटक्यावर टेकलेला असतो. लहान पिस्तुलात अंगठ्याला जागाच कमी, म्हणून हे तिथे वारंवार घडतं. मॅगझिनमध्ये गोळ्या असतानाच स्लाइड थांबली, तर अंगठा तोच खटका वर ढकलतोय.

स्लाइड ओढताना हाताची ताकद कमी पडली, तर पिस्तूल छातीजवळ आणा, नळी लक्ष्याकडेच ठेवा, एका हाताच्या पूर्ण पंजाने स्लाइड घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने मूठ पुढे ढकला. चिमटीने ओढू नका.

उघडून साफ करण्यात एक फरक फार महत्त्वाचा आहे. ग्लॉकची स्लाइड काढण्यापूर्वी ट्रिगर दाबावा लागतो. पी 365 ला लागत नाही: स्लाइड मागे अडकवायची, स्लाइड सोडवणारा खटका फिरवायचा, स्लाइड पुढून काढायची. म्हणून ग्लॉकवाल्याने क्रम कधीही मोडू नये. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, नळीचं घर (काडतूस बसतं ती नळीमागची जागा) डोळ्यांनी बघा, बोट घालून चाचपा, आणि ट्रिगर सुरक्षित दिशेलाच दाबा. काडतुसं दुसऱ्या खोलीत.

कोणी काय घ्यावं

एकच पिस्तूल घ्यायचं, घरी तिजोरीत ठेवायचं, महिन्याला दोनशे गोळ्यांचा सराव करायचा, तर आमचं मत निःसंशय ग्लॉक 19. घरातली दोन माणसं तेच शिकणार असतील तर आणखीच, कारण मुठीची पाठ बदलून ते वेगवेगळ्या हातांना बसवता येतं. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियात मॅगझिनवर दहा गोळ्यांची मर्यादा आहे. तिथे ग्लॉकच्या पंधरा गोळ्यांचा फायदा उरत नाही, पण मूठ आणि वजनाचा फायदा राहतो.

परवाना काढून रोज खरोखर कमरेला लावून बाळगणार असाल, अंगकाठी बारीक असेल, तर पी 365. दोनदा बाळगून तिसऱ्या दिवशी घरी ठेवलेलं मोठं पिस्तूल त्या कामाचं नाही. मात्र सराव दुप्पट धरा.

पंधरा यार्डांवर पी 365 च्या भोकांचा घोळका ग्लॉकच्या दीडपटीहून मोठा आला आणि तरी बाळगायचंच असेल, तर निर्णय थांबवून पी 365 एक्सएल मागा. नळी 94 मिमी, बारा गोळ्या, करंगळीला जागा. त्यावर तेच पन्नास गोळ्यांचं वेळापत्रक, पण दुसऱ्या दिवशी, ताज्या हाताने.