बोरिंगच्या पाण्याची तपासणी: पैसे वसूल, पण दोन गोष्टी आधीच ठरवून घ्या

माझा लोणची, मेतकूट आणि पापडांचा घरगुती धंदा आहे, इंदूरला सुदामा नगरात. परवान्याच्या कामासाठी पाण्याचा रिपोर्ट काढला, तर नायट्रेट 62 निघालं. मर्यादा 45 मिलिग्रॅम प्रति लिटर. सगळ्यांचा सल्ला एकच, आरओ बसवा. आरओ नायट्रेट कमी करेल, कबूल, पण हे नायट्रेट ज्या सांडपाण्यातून येतं ते बोरिंगमध्ये शिरतंय कुठून हे तो सांगणार नाही. दिरांनी एक पाणाड्या सुचवला. त्याला मी चहा पाजला आणि परत पाठवला. मग भंवरकुआच्या बाजूच्या एका लहानशा भूजल एजन्सीला बोलावलं. त्यांच्याबद्दल हे लिहितेय.

संशय आमच्याच शोषखड्ड्यावर होता, कारण तो बोरिंगपासून जेमतेम 35 फुटांवर. आलेला भूवैज्ञानिक, तरुण मुलगा, म्हणाला, "काकू, अंतर मोजून काही ठरत नाही." माळव्यात काळ्या मातीखाली बेसाल्टचे थरावर थर आहेत. अखंड काळ्या पाषाणातून पाणी जवळपास जातच नाही. ते जातं भेगांतून आणि दोन थरांमधल्या फटींतून. आणि फट दुप्पट रुंद असेल तर तेवढ्याच उतारावर पाणी दुप्पट नाही, आठपट वाहतं. म्हणजे एक रुंद भेग लांबच्या खड्ड्याला बोरिंगशी जोडू शकते आणि जवळचा खड्डा कोरडाच राहू शकतो.

हे त्याने नुसतं सांगितलं नाही, दाखवलं, आणि माझ्या लेखी चारातले तीन तारे इथेच. आमच्या खड्ड्यात पाण्यात विरघळवून 50 किलो मीठ ओतलं. मागच्या गल्लीतल्या, सुमारे 120 फुटांवरच्या खड्ड्यात युरेनिन नावाचा हिरवा रंग टाकला. (त्या घरच्या काकूंना झाकण उघडायला राजी करणं हे या सगळ्यातलं सर्वात अवघड काम, आणि ते एजन्सीने नाही, मी केलं.) मग बोरिंग थोडं थोडं चालवून नमुने घेतले. डोळ्यांना न दिसण्याइतका फिका रंगही त्यांच्या यंत्राला कळतो. मिठाचा पत्ताच नाही, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) जिथल्या तिथे. रंग मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. मागच्या गल्लीतला!

नंतरचा आलेख मला जास्त आवडला. चढ झटकन, उतार मात्र रेंगाळत, किती आठवडे तो शून्यावर येईना. मी विचारलं तर कळलं की भेगेतून जाताना रंग आजूबाजूच्या दगडाच्या बारीक पोकळ्यांत शिरतो, आणि मुख्य पाणी स्वच्छ झालं तरी तिथून हळूहळू परत झिरपत राहतो. कैरीची मुरलेली फोड वरून कितीही धुवा, आतलं मीठ येतच राहतं ना, तसंच. म्हणजे मागचा खड्डा आज बंद केला तरी नायट्रेट उद्या उतरणार नाही. हे आधीच कळलं म्हणून पुढचा खर्च शहाणपणाने करता आला.

चुनखडकाच्या प्रदेशात तर आणखी मजा, म्हणाला. तिथे पाणी दगडच विरघळवून भुयारं करतं. जर्मनीत 1877 साली डॅन्यूब नदी जिथे जमिनीत गडप होते तिथे 10 किलो युरेनिन ओतलं, आणि साधारण 60 तासांनी ते 12 किलोमीटरवरच्या आख झऱ्यातून हिरवंगार बाहेर आलं. आपला बेसाल्ट तसा विरघळत नाही, पण "जमीन पाणी गाळून देते" हा भरवसा भेगांच्या खडकात तितकाच पोकळ.

मग कॅमेरा आत सोडला. केसिंग, म्हणजे बोरिंगच्या वरच्या भागातला पाइप, 40 फुटांवर संपतं आणि 48 फुटांवरच्या भेगेतून पाणी गळताना स्पष्ट दिसलं. खालची मुख्य झिर 165 फुटांवर. उपाय म्हणून आत लहान पाइप टाकून 80 फुटांपर्यंत बाजूची जागा सिमेंटने भरली. पाणी निम्मं झालं, पण नायट्रेट 31 वर आलं. धंद्याला पुरतं, बाकी वापराला नर्मदेचा नळ आहे.

एक तारा का कापला? कॅमेऱ्याचे पैसे वेगळे, हे गाडी दारात आल्यावर सांगितलं. आणि पावसानंतरचा नमुना पॅकेजमध्ये नाहीच, मला भांडून घालून घ्यावा लागला. ही उणीव बारीक नाही. भेगांतून घाण कायम सारखी येत नाही, मोठ्या पावसाबरोबर लोंढ्याने येते. कॅनडातल्या वॉकरटन गावात मे 2000 मध्ये हेच झालं. जोराच्या पावसाने शेणातले जंतू भेगाळ खडकातल्या उथळ विहिरीत गेले, सात माणसं गेली आणि दोन हजारांवर आजारी पडली. मग उन्हाळ्यातला एकच स्वच्छ रिपोर्ट घेऊन मी काय करू? माझा पावसाळ्यातला नमुना जंतूंसाठीही तपासून घेतला, तो ठीक निघाला.

फक्त "बोरिंग कुठे मारू" एवढंच विचारायचं असेल तर यांना बोलावू नका, महाग पडतील. पाणी आहे पण त्याची चव, वास किंवा रिपोर्ट बिघडलाय, त्यांनी जरूर बोलवा. कॅमेरा आणि पावसाचा नमुना दोन्ही कोटेशनवर लिहून घ्या. रिपोर्ट इंग्रजीत देतात, हिंदीत मागितला तर मिळतो.