लिनक्स मिंट २२: अडत दुकानातील जुन्या लॅपटॉपवर आणि त्याहून जुन्या प्रिंटरवर

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळद आणि बेदाण्याचे अडत दुकान आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे त्यांच्या मालाच्या विक्रीचे हिशेब, ज्या लॅपटॉपवर होतात, त्यात पाचव्या पिढीचा इंटेल कोअर आय-३ प्रोसेसर आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे हे यंत्र मोडीत काढायचे की दुसरी प्रणाली घालायची, असा प्रश्न होता. हळदीचा हंगाम सुरू होण्याआधी मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही मोफत प्रणाली, तिच्या एक्सएफसीई या हलक्या आवृत्तीत, घातली आणि आता हंगामभर वापरून हा अभिप्राय लिहीत आहे.

प्रणाली म्हणून मिंटबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. पेन ड्राइव्हवरून, म्हणजे काहीही न बसवता, ती सुरू केली तेव्हाच आवाज, कॅमेरा, टचपॅड आणि पडद्याचा उजेड ही सर्व कामे सुरळीत चालू होती. विंडोजवर प्रत्येक वस्तूचा ड्रायव्हर (ती वस्तू चालवणारा प्रोग्रॅम) निर्मात्याकडून वेगळा आणण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना हे नवल वाटेल. परंतु लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच, समाविष्ट असतात, आणि म्हणून खरा प्रश्न येतो तो जे ड्रायव्हर तिथे नाहीत त्यांचाच. आमच्याकडे असे दोन निघाले.

पहिले वाय-फाय. आमच्या लॅपटॉपमधील चिप ब्रॉडकॉमची बीसीएम४३१४२ आहे आणि तिचा ड्रायव्हर खुल्या स्रोताचा नसल्यामुळे तो वेगळा बसवावा लागतो. इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही, असा हा पेच. पण मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरने ज्या पेन ड्राइव्हवरून प्रणाली बसवली तोच पुन्हा लावायला सांगितले आणि त्यावरूनच ड्रायव्हर उचलला. ही सोय ज्याने केली त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते. पुढची चूक मात्र माझी होती. सिक्युअर बूट, म्हणजे यंत्र सुरू होताना अनोळखी प्रोग्रॅम अडवणारी सोय, चालू असेल, तर असा ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवावा लागतो आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना येणाऱ्या निळ्या पडद्यावर ‘एनरोल मॉक’ (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवणे) निवडून तो पुन्हा द्यावा लागतो. हा पडदा जेमतेम दहा सेकंद थांबतो. मी रीस्टार्ट करून चहा सांगायला बाहेर गेलो, परत आलो तर यंत्र सुरू झालेले, आणि वाय-फायचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी नोंदणी नव्याने मागवली आणि यंत्रासमोरून हललो नाही, तेव्हा काम झाले.

दुसरा आणि खरा कस लावणारा विषय प्रिंटरचा. आमचा एचपी लेझरजेट १०२० इतका जुना आहे की संगणक दुरुस्त करणाऱ्या एका तंत्रज्ञाने त्याच्याकडे पाहताच “साहेब, लिनक्स ठेवायचं असेल तर प्रिंटर बदला” असा सल्ला दिला. तो ऐकण्याचे कारण नव्हते. वायर जोडताच मिंटने प्रिंटर ओळखला, यादीत त्याचे नाव आले, छपाई ‘पूर्ण’ अशी नोंदही झाली, पण दिवाणजी ट्रेपुढे उभे राहून म्हणत होते, “मालक, कागद येईना बघा.” या प्रिंटरमध्ये फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरला आतून चालवणारा प्रोग्रॅम, कायमस्वरूपी साठवलेले नसते; वीज गेली की ते पुसले जाते आणि दर वेळी संगणकाने ते नव्याने पाठवावे लागते. लिनक्सवर हे काम एचपीचा एचपीएलआयपी हा संच करतो, मात्र त्यासाठी लागणारा प्लगइन, म्हणजे एचपीचा जोड-प्रोग्रॅम, वेगळा उतरवावा लागतो. टर्मिनलमध्ये ‘एचपी-प्लगइन’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत देऊन, परवान्याला होकार दिल्यावर प्रिंटर बंद करून चालू केला. आतून घरघर झाली, हिरवा दिवा स्थिर झाला, आणि हमाली-तोलाईच्या रकान्यांसह पट्टी बाहेर आली. आता वीज जाऊन आली की तीच घरघर ऐकून दिवाणजी छपाईला हात घालतात.

मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड भाषांच्या सेटिंगमधून पाच मिनिटांत मिळाला. टॅली मात्र विंडोजसाठीच आहे आणि ती इथे कशीबशी चालवण्याच्या खटपटीत मी पडलो नाही. हिशेबाचा दुसरा संगणक वेगळा आहे, म्हणूनच हा बदल आम्हाला परवडला. ज्यांचे सर्व काम एकाच यंत्रावर आणि टॅलीवर आहे, त्यांना मी हा मार्ग सुचवणार नाही. इतरांनी आधी पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून आपली वाय-फाय चिप कोणती ते पाहावे आणि प्रिंटरला प्लगइन लागतो का, याची खात्री करून मगच हार्ड डिस्कला हात लावावा. प्रिंटर अलीकडचा आणि ड्रायव्हरविना छापणारा असेल, तर वर सांगितलेल्या खटपटीतला निम्मा भाग त्यांच्या वाट्याला येणारच नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो प्लगइनच्या व्यवस्थेसाठी: एचपीएलआयपीची आवृत्ती बदलली की त्याच आवृत्तीचा प्लगइन पुन्हा उतरवावा लागतो. त्यामुळे आम्ही अपडेट सौद्याच्या दिवशी कधीच करत नाही. यार्डाला सुट्टी असेल त्या दिवशी करतो, आणि लगेच एक कोरी पट्टी छापून पाहतो.