इमॅजिकाजवळचा 'प्रायव्हेट पूल बंगलो' आणि माझे २८,९६१ रुपये

आकडा आधीच सांगून टाकते, कारण ज्याला कळतं तो पहिलं "किती गेले?" विचारतो आणि लगेच "पण तुला कळलं कसं नाही गं?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खाली आहे, सगळं वाचा आणि मग शहाणपणा शिकवा. मी बँकेचे मेसेज न वाचणारी बाई नाही, ओटीपी कुणाला देत नाही, लॉटरीचे फोन आले तर उलट त्यांनाच झापते. तरी खोट्या बंगल्याच्या बुकिंगमध्ये गेले.

भाऊबीज झाली की येणाऱ्या शनिवार-रविवारी इमॅजिका करायचं ठरलं होतं. आम्ही नाशिकचे, कसारा घाट उतरून भिवंडी, पनवेल करत खोपोलीला पोचायचं, तिथे दिवसभर रांगा लावायच्या आणि रात्री परत गाडी हाणायची हे लहान पोरं आणि सासूबाई घेऊन शक्यच नाही, राहावं लागणारच. एक दिवस थीम पार्क, दुसऱ्या दिवशी वॉटर पार्क. जाऊबाईंचं म्हणणं की पार्कला लागून नोव्होटेल आहे तेच घ्या, सकाळी चालत गेटवर. पण माणसं अकरा, म्हणजे किमान चार रूम, त्याही दिवाळीच्या सुट्टीत! दिरांचं म्हणणं लोणावळा. म्हणजे संध्याकाळी दमलेली पोरं घेऊन घाट चढा, सकाळी परत उतरा, आणि सुट्टीतल्या शनिवारी घाटात काय ट्रॅफिक असतो हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. म्हणून मी म्हटलं खालीच, खोपोली-खालापूरच्या बाजूला एखादा बंगला बघू. सासूबाईंना किचन मिळेल, त्यांना बाहेरचं तिखट चालत नाही. यात काय चुकीचं होतं? आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन की मोठ्या कुटुंबाला बंगलाच परवडतो. विचार बरोबर होता, माणूस भामटा निघाला.

बंगला सापडला रील्समध्ये. 'इमॅजिकापासून ७ मिनिटं, ४ बेडरूम, प्रायव्हेट पूल, केअरटेकर, व्हेज-नॉनव्हेज ऑन ऑर्डर'. पेजला हजारोंनी फॉलोअर्स, खाली कॉमेंट्स 'अमेझिंग स्टे', 'केअरटेकर काका खूप छान'. (नंतर नीट बघितलं तर सगळ्या कॉमेंट्स एकाच आठवड्यातल्या.) नकाशावरही त्याच नावाचा पिन होता, त्यावर तोच नंबर. आता मला सांगा, सामान्य माणूस आणखी काय तपासणार? नकाशावर कुणीही उठून नवीन जागा टाकू शकतो, असलेल्या जागेचा फोन नंबर बदलायला सुचवू शकतो, हे मला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं.

फोनवरचा माणूस स्वच्छ मराठी बोलायचा. "ताई, आई सोबत आहेत ना, मग ग्राउंड फ्लोअरची रूम त्यांना देऊ, गुडघ्यांचा त्रास असेल तर जिना नको." बघा, एवढा विचार माझ्या सख्ख्या नवऱ्याने केला नव्हता. रात्रीचे ११,००० म्हणजे दोन रात्रींचे २२,०००. स्वस्त नव्हतं हे लक्षात घ्या. स्वस्त असतं तर मला संशय आला असता. लोकांना वाटतं ठग नेहमी निम्म्या भावात देतो. हा बाजारभावानेच देत होता.

बुकिंगला निम्मे, ११,०००. पाठवताना स्क्रीनवर बंगल्याचं नाव नव्हतं, भलत्याच एका माणसाचं होतं. विचारलं मी! म्हणे आमचे अकाउंटंट. एक गोष्ट इथेच ठसवून घ्या. ३० जून २०२५ पासून यूपीआय ॲपवर समोरच्याचं बँकेत नोंदवलेलं खरं नाव दिसायला पाहिजे असा एनपीसीआयचा, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेचा, नियम आहे, म्हणजे आपण फोनमध्ये सेव्ह केलेलं किंवा त्याने स्वतः ठेवलेलं टोपणनाव तिथे नसतं. तेव्हा ते नाव खरं आहे. ते बंगल्याच्या धंद्याचं किंवा मालकाचं नसेल तर पैसे पाठवू नका. 'अकाउंटंट', 'मुलाचं खातं', 'करंट अकाउंट मेंटेनन्सला गेलंय' ही सगळी एकाच पुस्तकातली वाक्यं आहेत.

मग त्याने बिल पाठवलं, वर लोगो वगैरे, आणि जीएसटी १८ टक्के म्हणजे ३,९६० आधीच मागितले. आणि इथे माझं अर्धवट ज्ञान आडवं आलं. रूमचं भाडं रात्रीला ७,५०० च्या वर गेलं की १८ टक्के लागतो हे मला माहीत होतं, मी अकाउंट्सचंच काम करते, त्यामुळे उलट वाटलं वा, माणूस पक्का आहे, बिल देतोय. पाठवले. बिलावरचा जीएसटी नंबर मात्र वाचला नाही. त्याची सुरुवात ०८ ने होती. महाराष्ट्राचा २७ असतो, ०८ राजस्थान. खोपोलीतल्या बंगल्याला राजस्थानचा नंबर! आणि जीएसटीच्या पोर्टलवर तो नंबर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते फुकटात दिसतं, लॉगिनसुद्धा लागत नाही. ऑफिसात दिवसभर मी हेच करते. घरच्या बिलाला नाही केलं.

आता खरा प्रसंग. हा मी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या अजून चघळते.

दिवाळीच्या आधीची धावपळ, भाजणी भिजवलेली, कढईत तेल तापलेलं, एका हातात सोऱ्या, आणि याचा फोन. "ताई, ७,००० रिफंडेबल डिपॉझिट बाकी आहे, आज नाही आलं तर सिस्टिम बुकिंग रिलीज करेल, वेटिंगला पार्ट्या आहेत." हात पुसून पाठवले ७,०००. बँकेचा मेसेज आला, कट झाले. पाच मिनिटांत परत फोन. "ताई, राउंड फिगर सिस्टिम ॲक्सेप्ट करत नाही. ७,००१ टाका, आधीचे ७,००० अर्ध्या तासात आपोआप रिव्हर्स होतील."

वाचताना तुम्हाला हसू येतंय ना? मलाही येतं आता. पैसे माझ्या खात्यातून गेले, त्याच्या खात्यात पोचले, ट्रान्झॅक्शन सक्सेसफुल, मग ही कुठली 'सिस्टिम' जी एक रुपया कमी म्हणून रुसून बसते? ११,००० राउंड फिगरच होती की, ती कशी चालली? हा प्रश्न तेव्हा विचारला असता तर तिथेच संपलं असतं. आणि खोटं नाही सांगत, डोक्यात आला होता. आला आणि गेला, कारण चकली करपायला लागली, धाकटा रडायला लागला, आणि तो माणूस तिकडे शांतपणे "काही हरकत नाही ताई, तुम्ही आरामात करा, मी होल्डवर आहे" म्हणत फोन धरून बसला होता. मुद्दाम धरून बसला होता. फोन कापला असता तर मी नवऱ्याला हाक मारली असती ना. पैसे पाठवताना समोरचा फोन चालू ठेवायला सांगतोय? ठेवून द्या फोन, पाणी प्या, घरातल्या कुणाला तरी मोठ्याने सांगा काय करताय ते. मी ७,००१ टाकले.

अर्ध्या तासात काही रिव्हर्स झालं नाही. संध्याकाळी फोन केला तर म्हणे बँक सेटलमेंटला वेळ लागतो, तुम्ही चेक-इन कराल तेव्हा कॅश देतो, आणि वर तुम्हाला त्रास झाला म्हणून रविवारचा नाश्ता आमच्याकडून. नाश्ता! पोहे आणि मिसळ, निवडायला सांगितलं मला त्याने. मी घरात विचारून 'मिसळ' कळवली.

आणि हो, सगळ्या मोठ्यांचे आधार कार्डचे फोटोही मागवले होते 'पोलीस व्हेरिफिकेशन'साठी. दिले. राहायच्या ठिकाणी ओळखपत्र लागतं हे खरं आहे, पण ते पोचल्यावर दाखवायचं, व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरला नाही. द्यायचंच झालं तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढा, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. आम्ही आता सगळ्यांच्या आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करून ठेवलंय आणि कुणाच्या नावावर सिम निघालं का ते दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर बघत असतो. सासूबाई विचारतात माझ्या कार्डावर कुणी कर्ज काढेल का. काय सांगू?

शनिवारी पहाटे निघालो, थेट पार्कला गेलो. तिकिटं इमॅजिकाच्याच साइटवरून काढलेली, त्यात काही भानगड नाही, दिवस मस्त गेला. संध्याकाळी दोन गाड्या घेऊन पिनवर पोचलो. गेट बंद, आत एक म्हातारे काका. बंगला कुणा मुंबईकराचा, भाड्याने दिलाच जात नाही, पूल तर नाहीच. काका म्हणाले, "ताई, सुट्टी लागल्यापासनं अशी लै माणसं येतायत." मालकाने कळवलंय, पण पिन काही उडालेला नाही. फोन लावला, स्विच ऑफ. जाऊबाई एक शब्द बोलल्या नाहीत आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. शेवटी एका लॉजमध्ये प्रत्येकी ५,६०० च्या दोन रूम मिळाल्या, ११,२००, अकरा जण त्यात कोंबले. वॉटर पार्क रद्द नाही केला, पोरांचा काय दोष.

रूममधूनच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. तिथे बारा आकडी यूटीआर नंबर विचारतात, प्रत्येक व्यवहाराचा वेगळा, तो आधी काढून ठेवा नाहीतर फोनवर शोधत बसाल. तक्रार नोंदली गेली. पण पैसे जाऊन तोवर बरेच दिवस झालेले. पहिल्या एक-दोन तासांत कळवलं तर पुढच्या खात्यात गोठवता येतात. म्हणजे त्या चकलीच्या दुपारी कळवलं असतं तर... असो.

आता यंत्रणेची गंमत ऐका. रात्रीच एका पोलीस ठाण्यात गेलो. "मॅडम, पैसे तुमच्या गावातून गेले ना? मग तक्रार तिकडे." गावाला आल्यावर इथल्या ठाण्यात गेलो. "बंगला तिकडचा ना? मग घटना तिकडची." मी म्हटलं साहेब, बंगला नाहीच आहे, हीच तर घटना आहे! नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, १ जुलै २०२४ पासून लागू आहे ती, कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी कुठल्याही ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची आहे. हे मी मोबाइलवर काढून दाखवलं. हवालदार म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" मग अर्ज लिहून द्या, मग झेरॉक्स आणा, मग बँकेचा शिक्का आणा, मग साहेब बंदोबस्ताला गेलेत. एकाने तर सरळ सांगितलं, "इथे लाखांच्या केसेस पेंडिंग आहेत, तुमचे अठ्ठावीस हजार." तुमच्यासाठी अठ्ठावीस हजार, माझा महिन्याचा पगार आहे तो.

बँकेत गेले तर काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता "तुम्हीच पिन टाकला ना?" हो टाकला. "मग ऑथराइज्ड आहे." रिझर्व्ह बँकेचे जे ग्राहकाच्या जबाबदारीचे नियम आहेत ते आपल्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी, आपण स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशांना त्यांचा काही उपयोग नाही असं मला सांगण्यात आलं. बरं, ते राहू दे. पण ज्या खात्यात रोज अनोळखी माणसांचे ७,००० आणि ७,००१ येऊन पडतात आणि लगेच बाहेर जातात ते खातं केवायसी करूनच कुणीतरी उघडलंय ना? त्याला कोण विचारणार? माझ्याकडून मात्र खातं उघडताना लाइट बिल दोनदा मागितलं होतं. बँकेला लेखी तक्रार दिली आहे, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, जाणार आहे. तुम्हीही बँकेत तोंडी बोलू नका, लेखी द्या, पोच घ्या.

त्या पेजची तक्रार केली तर उत्तर आलं की नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. कुणाला आढळायचं होतं?

एवढ्या सगळ्यानंतर २८,९६१ पैकी ४,३१० कुठल्यातरी खात्यात गोठवलेले सापडलेत. ते मिळायला कोर्टात अर्ज करा असं तेव्हा आम्हाला सांगितलं. वकिलाने फी सांगितली ५,०००. हिशोब तुम्हीच करा.

बुकिंग करताना फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा. मी नंतर टाकले तर तोच पूल गोव्यातल्या एका व्हिलाच्या जाहिरातीत निघाला. मालकाला व्हिडिओ कॉल करायला सांगा, गेटपासून रस्त्यापर्यंत चालत दाखव म्हणा, 'नेटवर्क नाही' म्हणाला तर विषय संपला. नकाशावर सॅटेलाइट व्ह्यू लावा, पूल असेल तर वरून निळा दिसतो. हॉटेल असेल तर नकाशावरच्या नंबरवर विसंबू नका, त्यांच्या स्वतःच्या साइटवरचा नंबर घ्या आणि साइटचा पत्ता अक्षर अक्षर वाचा. सरकारी हवं असेल तर कार्ल्याला एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, घाटाच्या वर आहे खरं, पण निदान आहे तरी. रिफंडसाठी क्यूआर पाठवला तर स्कॅन करू नका, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. मलाही आला होता शेवटी, तो नवऱ्याने हातातून फोन काढून घेतला म्हणून वाचला, आणि हे तो आता प्रत्येक नातेवाइकाला सांगतो.

नाताळच्या सुट्टीची बुकिंगं सुरू झालीत. त्याच फोटोंनी नवीन नावाचं पेज आलंय, या वेळी 'लोणावळा व्ह्यू'. पूलच्या कडेला पिवळी रबरी बदकं आणि मागे पांढरा झोपाळा आहे. दिसलं तर पैसे तर नाहीच पाठवायचे, पण नंबरचा स्क्रीनशॉट काढून संचार साथीच्या 'चक्षू'वर टाका, पैसे गेलेले नसतानाच्या, नुसत्या संशयाच्या तक्रारी तिथे घेतात.