भूकंपाचा धोका कशावरून ठरवायचा: जुन्या नोंदी की जमिनीतला चर?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यावरचं माळवद, सगळं झोपेतल्या माणसांच्या अंगावर आलं. हजारो माणसं गेली. त्या वेळच्या भूकंपधोक्याच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता.

तो नकाशा मुख्यतः झालेल्या भूकंपांच्या नोंदींवर उभा होता. ही पद्धत स्वस्त, झटपट, आणि हिमालयासारख्या सतत हलणाऱ्या पट्ट्यात चांगली कामाची. पण भूकंपमापक यंत्रं आली त्याला जेमतेम दीडशे वर्षं झाली. जो भ्रंश, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचे खडक सरकतात अशी जमिनीतली भेग, हजारो वर्षांतून एकदा सरकतो, तो या वहीत सापडणार कसा? कोरं पान म्हणजे सुरक्षित जमीन नव्हे.

दुसरा मार्ग म्हणजे भ्रंशावर आडवा चर खणायचा. चराच्या भिंतीत मातीचे थर वहीच्या पानांसारखे दिसतात. एखादा थर मध्येच तुटून हातभर खाली गेलेला असेल आणि वरचा थर सलग असेल, तर हालचाल त्या दोन थरांच्या मधल्या काळातली. थरातल्या कोळशावरून वय काढता येतं. अडचण एकच, पण मोठी: चर कुठे खणायचा? दख्खनमध्ये बसाल्टच्या जाड थराखाली भ्रंश दडलेले आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी खणणं शक्य नाही.

माझ्या मते धरण, अणुभट्टी, मोठं रुग्णालय उभारताना आसपासचे संशयित भ्रंश खणून पाहायलाच हवेत. गावातल्या घरासाठी नोंदींचा नकाशा चालेल, फक्त त्यातला ‘कमी धोका’ वाचून भिंती एकत्र धरून ठेवणारा आडवा पट्टा गाळू नये.