जुन्या जीपचं जड स्टिअरिंग: बेल क्रँक आणि किंगपिनची बाजारातली किट्स

विलीज सीजे-३बी, म्हणजे उंच बॉनेटची जीप, नव्याने उभी करणाऱ्यांची ठरलेली तक्रार: रंग झाला, इंजिन झालं, गाडी रस्त्यावर आली आणि स्टिअरिंग फिरवताना खांदे भरून येतात. मग कुणीतरी सांगतं, "किट टाका." पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर विचारलं की दोन वेगळी पाकिटं समोर येतात. एक बेल क्रँकचं (स्टिअरिंगचा धक्का दोन्ही चाकांकडे वाटणारा तुकडा), दुसरं किंगपिनचं (ज्या उभ्या पिनांभोवती पुढचं चाक वळतं त्या). दोन्हींवर बहुतेक वेळा कंपनीचं नाव नसतं, मार्करने 'जीप' एवढंच लिहिलेलं.

आमचं मत आधीच सांगतो. बेल क्रँकचं किट घ्यावं, फक्त शाफ्ट तपासून. किंगपिनच्या किटमधल्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) आणि फेल्ट (नमद्याचे सील) ठेवून घ्या, बेअरिंग मात्र चांगल्या कंपनीची वेगळी आणा. आणि स्टिअरिंग बॉक्सचं किट कुणी गळ्यात मारत असेल तर आज नको म्हणा. जड स्टिअरिंगचं खापर बॉक्सवर फुटतं, पण दोष बहुतेक वेळा त्याच्यापुढच्या सांध्यांत असतो.

पैसे देण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा. ट्रान्सफर केसचा (दोन चाकांना की चारही चाकांना ताकद द्यायची ते ठरवणाऱ्या पेटीचा) लिव्हर टू-व्हीलवर आहे ना, हे पहिलं पाहायचं. डांबरी रस्त्यावर पुढचा अ‍ॅक्सल जोडलेला राहिला तर कुठलंच किट उपयोगाचं नाही. मग पुढची दोन्ही चाकं उचलून अ‍ॅक्सल घोड्यांवर (स्टँडवर) ठेवा आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. हवेत हलकं आणि जमिनीवर जड असेल तर कारण टायर, टायरमधली हवा किंवा कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन). या गाडीला मूळचे ६.००-१६ टायर. त्या जागी बाहेर निघालेल्या रिमवर रुंद रेडिअल बसवले की टायरचा मध्य किंगपिनच्या रेषेपासून लांब जातो आणि उभ्या गाडीत चाक वळवणं म्हणजे टायर रस्त्यावर घासत नेणं होतं. त्यावर औषध नाही, जुना साइज लावा. कॅस्टर साधारण ३ अंश हवा. स्प्रिंगखालची पाचर उलटी बसली की तो बिघडतो.

हवेतही जड असेल तर ड्रॉप आर्मपासून (बॉक्समधून निघालेला हात) ड्रॅग लिंक (त्याला बेल क्रँकशी जोडणारा दांडा) सोडवा. आता स्टिअरिंग दोन बोटांनी फिरलं तर बॉक्स आणि कॉलम निर्दोष. मग दोन्ही टायरॉड (बेल क्रँकपासून चाकांकडे जाणारे दांडे) नकलपासून (किंगपिनवर वळणारा, चाक धरणारा भाग) काढा आणि एकेक नकल हाताने वळवून पाहा. शेवटी बेल क्रँक एकटा हलवा. जो अडतो तो दोषी. एवढं केल्यावरच दुकानात जायचं.

बेल क्रँक हा पुढच्या क्रॉस मेंबरवरचा लोखंडी तुकडा. ड्रॅग लिंकचा धक्का घेऊन तो दोन टायरॉडना वाटून देतो. आत एक उभा शाफ्ट आणि दोन नीडल बेअरिंग. जागा अशी की पाणी, चिखल, माती सगळं त्याच्याच अंगावर. रेस्टोरेशनमध्ये आणखी एक भर पडते: पेंटर त्याच्या ग्रीस निपलवरही प्रेमाने रंग मारतो. गनमधून ग्रीस जात नाही, बाहेर सांडतं, आणि मालक समजतो की भरलं.

किटमध्ये शाफ्ट, दोन नीडल बेअरिंग, वॉशर, सील आणि शाफ्ट अडकवणारी पिन किंवा बोल्ट येतो. शाफ्ट दोन मापांचे आहेत, ३/४ इंच (१९.०५ मिमी) आणि ७/८ इंच (२२.२२ मिमी). दुकानदार "सगळ्याला चालतं" म्हणेल. जुना शाफ्ट आणि व्हर्नियर सोबत न्या आणि न झिजलेल्या टोकावर माप घ्या.

शाफ्टचा कडकपणा ही या किटची खरी परीक्षा. नीडल थेट शाफ्टवर फिरतात, मध्ये दुसरी रेस नसते. शाफ्ट मऊ असला तर काही महिन्यांत त्यावर नीडलच्या आकाराच्या उभ्या खाचा पडतात आणि स्टिअरिंग टप्प्याटप्प्याने अडकू लागतं. टोकावर, जिथे बेअरिंग येत नाही तिथे, बारीक कानस ओढून पाहा. घसरली तर माल ठीक, लोखंड खाल्लं तर परत करा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्या.

बसवताना होणारी चूक किटच्या माथी मारू नका. नीडल बेअरिंगचं कवच पातळ पत्र्याचं असतं. त्यावर थेट हातोडा पडला की ते चेपतं आणि नवीन बेअरिंग जुन्यापेक्षा जड फिरतं. ज्या कडेवर नंबर कोरलाय त्या कडेवर, पायरी असलेल्या डॉलीने (बेअरिंग दाबायच्या गोल दांड्याने), प्रेसवर किंवा मोठ्या वाइसमध्ये दाबत न्या. सीलला जागा राहील इतपत कडेच्या आत थांबा. आधी निपलची वाट तारेने मोकळी करा. शाफ्ट घालून नट आवळल्यावर, लिंक जोडण्याआधी, बेल क्रँक एका बोटाने फिरला पाहिजे आणि वर-खाली जेमतेम जाणवेल एवढाच हलला पाहिजे. ग्रीस लिथियम, एनएलजीआय २ (हा ग्रीसच्या घट्टपणाचा नंबर). सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत भरा. किटमधले सील मात्र कामचलाऊ असतात, रबर कडक. पावसाळ्यात महिन्यातून एकदा गन मारणार असाल तरच त्यांच्यावर विसंबा.

आता किंगपिन. प्रत्येक नकलला वर एक, खाली एक अशी टेपर रोलर बेअरिंग, दोन्ही बाजूंची मिळून चार. टिमकेनच्या नंबरांत कोन (आतला, रोलर असलेला भाग) ११५९० आणि कप (बाहेरची कडी) ११५२०. हा नंबर सांगून चांगल्या बेअरिंगच्या दुकानात मागा. निनावी किटमधल्या कोनवर कित्येकदा नंबरही नसतो. कप पूर्ण तळाला टेकला पाहिजे. खाली फीलर गेजचं (फट मोजायच्या पानांचं) सर्वांत पातळ पान शिरलं तर तो टेकलेला नाही, आणि नंतर तो खाली बसला की तुम्ही केलेली सेटिंग गेली.

खरा घोळ शिममध्ये आहे. कॅप आणि नकल यांच्यातली शिम काढली की बेअरिंग आवळतं, घातली की सैल होतं. मूळ शिम ०.००३, ०.००५, ०.०१० आणि ०.०३० इंचाच्या. स्वस्त किटमध्ये दोनच जाडी येतात, त्याही पंचमधून निघालेल्या, कडेला उठलेली धार तशीच. ती पॉलिश पेपरवर घासून घ्या, नाहीतर शिम आहे त्यापेक्षा जाड वागते. जुन्या शिम टाकू नका, पातळ शिम त्यांतूनच मिळतील. वर आणि खाली सारखी जाडी ठेवून सुरुवात करा.

मोजायला सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा पुरतो. फेल्ट आणि टायरॉड न लावता, नकल वळवायला १२ ते १६ इंच-पाउंड, म्हणजे साधारण १४ ते १८ किलो-सेंटिमीटर टॉर्क लागला पाहिजे. काट्याचा हूक किंगपिनच्या मध्यापासून १५ सेंटिमीटरवर अडकवला तर काटा ०.९ ते १.२ किलो दाखवेल. काटा नकलच्या आर्मला काटकोनात धरा आणि नकल हलू लागल्यानंतरचा आकडा वाचा, पहिला झटका नाही. बरेच मिस्त्री चाकाची थरथर बंद व्हावी म्हणून शिम काढून काढून नकल आवळतात. थरथर दबते, स्टिअरिंग दगड होतं, आणि थरथरीचं मूळ कारण, बहुधा ढिला बेल क्रँक, तसंच राहतं.

फेल्ट बसवण्याआधी रात्रभर तेलात भिजवा. कोरडं फेल्ट अ‍ॅक्सलच्या टोकाच्या गंजक्या गोळ्यावर (ज्यावर नकल फिरतो) घासलं तर ते एकटंच स्टिअरिंग जड करतं. गोळा आधी गुळगुळीत करा. ड्रॅग लिंकच्या टोकाचा प्लग पूर्ण आवळून मग अर्धा ते एक आटा सोडायचा आणि स्प्लिट पिन घालायची. शेवटी टो-इन (पुढची चाकं समोर किती आत वळलेली ते) ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे १.२ ते २.४ मिमी.

एवढं करूनही ड्रॉप आर्मच्या मागे जड लागत असेल तर कॉलमकडे बघा. बॉडी उतरवून नव्या रबरांवर बसवली की डॅशबोर्डची जागा थोडी सरकते आणि कॉलम वाकडा ओढला जातो. बॉक्सचे चॅसिसचे बोल्ट आणि डॅशखालचा क्लॅम्प दोन्ही ढिले करा, कॉलमला आपली जागा शोधू द्या, मग आधी चॅसिस, नंतर क्लॅम्प आवळा. यात एक रुपयाही खर्च नाही.

त्यानंतरच बॉक्स. बॉक्समधल्या कॅमची (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाच्या, खाच कापलेल्या स्क्रूची) खाच मध्यावर घट्ट आणि टोकांना सैल अशी मुद्दाम कापलेली असते. म्हणून बाजूचा स्क्रू चाकं सरळ ठेवूनच लावायचा, जेमतेम ओढ जाणवेपर्यंत. वळलेल्या स्थितीतला प्ले (मोकळी हालचाल) घालवायला गेलात तर मध्यावर जाम होईल. आत गिअर ऑइल, ग्रीस नाही. गळती थांबवायला ग्रीस कोंबलेला बॉक्स उघडला तर कॅम कोरडा आणि ग्रीस कडेला चिकटलेलं दिसतं.